अडतीस अंश आणि काटेरी हलवा

मी मूळचा नागपूरचा. तिथे हवामान म्हणजे उन्हाळा, आणि तो वहीत लिहून ठेवावा असं कुणाला वाटत नाही. न्यू जर्सीत आल्यावर मात्र मला हवामानाचं वेड लागलं, आणि त्याला जबाबदार आमचे शेजारी. सत्तरी ओलांडलेले, रिटायर्ड, एकटेच राहणारे अमेरिकन गृहस्थ. आम्ही घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांना अंगणातल्या बर्फात वाकून उभं असलेलं पाहिलं. हातात लाकडी पट्टी, चष्मा कपाळावर. मला वाटलं, म्हाताऱ्यांचं काहीतरी हरवलंय. मदतीला गेलो, आणि अर्ध्या तासानं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्या जुन्या नोंदवह्या चाळत होतो. रोजचं तापमान, वारा, पाऊस, बर्फ किती इंच पडला, सगळं बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं. शेवटी एक शेऱ्यांचा रकाना. त्यात ‘आज पहिला रॉबिन पक्षी दिसला’ किंवा ‘पत्नीला सर्दी’ असलंही काही असायचं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वह्यांमध्ये तिच्या सर्द्या अजून शाबूत होत्या.

दुसऱ्या दिवशी मीही वही आणली.

गुरूपेक्षा चेल्याची अवजारं भारी असायची पद्धत आहे, तसं माझंही झालं. त्यांच्याकडे कुंपणाच्या खांबावर ठोकलेला जुनापुराणा पाऱ्याचा थर्मामीटर होता. मी डिजिटल घेतला. त्याचा सेन्सर बाहेर लावायचा, आणि आकडा घरात, दिवाणखान्यातल्या डब्यावर उमटायचा. सेन्सर मी गॅरेजच्या दाराच्या वर, छपराच्या वळचणीखाली लावला. उत्तरेची बाजू, ऊन लागायचा प्रश्नच नाही. शेजारी बघून म्हणाले होते, घराच्या भिंतीवर नको लावूस, घर उबदार असतं. मी त्यांना समजावून सांगितलं की गॅरेजमध्ये हीटिंग नाही, तेव्हा ती भिंत बाहेरच्याइतकीच गार. ते म्हणाले, “बरं.” हे त्यांचं ‘बरं’ मला पुढे फार आठवलं.

दोन हिवाळे माझे अंदाज बरे निघाले. ऑफिसमध्ये आणि आमच्या मराठी मंडळींत मला ‘वेधशाळा’ म्हणायला लागले. शुक्रवारी दुपारी फोन यायचे. “काय रे वेधशाळा, उद्या ओक ट्री रोडला देशी दुकानांत जायचंय, ड्राइव्ह करू ना?” मी खिडकीशी जाऊन, ढगांकडे बघून, मुद्दाम जरा वेळ घेऊन उत्तर द्यायचो. बायको म्हणायची, तुला पगार कोडचा मिळतो आणि मिजास ढगांची करतोस. खरं होतं. मी चांगलाच फुगलो होतो.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. आमची मुलगी तेव्हा नऊ-दहा महिन्यांची होती आणि सासूबाई तिच्यासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आल्या होत्या. सासूबाईंची तिकडे एका गोष्टीसाठी ख्याती. संक्रांत जवळ आली की त्यांच्या दारात बायका यायच्या, कारण काटेरी हलवा करावा तर त्यांनीच. तिळावर नाहीतर खसखशीवर पाक चढवत चढवत पांढरेशुभ्र, काटे फुटलेले दाणे करायचे, आणि ते बांधून लहान बाळांचे दागिने करायचे. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालायचं, हे साखरेचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. आजूबाजूच्या पोरांनी ते लुटायचं. हे बोरन्हाण.

सासूबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातवंडांचे दागिने केले होते. ही त्यांची पहिली नात. ऑगस्टमध्ये बॅग उघडली तेव्हाच आत खसखस होती, सोनेरी कागद होता, आणि बायकोच्या एका जुन्या काळ्या साडीचं शिवून आणलेलं झबलं होतं. सहा महिन्यांत त्यांनी आमच्याकडे काहीही मागितलं नाही. कुठे फिरायला न्या म्हणाल्या नाहीत, काही घ्या म्हणाल्या नाहीत. एकच म्हणाल्या, “एवढं बोरन्हाण माझ्या हातून झालं की मी सुखानं विमानात बसेन.”

परतीचं विमान जानेवारीअखेरच्या एका रविवारी होतं. बोरन्हाण आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी ठरलं. पाच-सहा घरं येणार होती, सगळी पोरांसकट. बोरं कुठेच मिळाली नाहीत, म्हणून द्राक्षं आणि छोटी संत्री आणली. उसाचे तुकडे फ्रोझन मिळाले. बाकीची भरती रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांनी करायची असं ठरलं.

अडलं ते हलव्यावर. सासूबाईंनी स्वयंपाकघरात परात मांडली, मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडत दोन दिवस बोटं फिरवली, आणि दाणे निघाले गोटीसारखे गुळगुळीत. काटा म्हणून नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग त्यांनीच शोधून काढलं. बाळाचं नाक कोरडं पडू नये म्हणून आम्ही घरभर ह्युमिडिफायर लावले होते आणि हीटिंग चालूच. “हवा गार आणि कोरडी लागते,” त्या म्हणाल्या. “दमट हवेत काटा फुटत नाही. तुमच्या घरात श्रावण आहे.”

उपाय बायकोनं सुचवला. तिथे आपल्या लोकांचं गॅरेज म्हणजे दुसरं स्वयंपाकघर असतं. मासे तळायचे असोत की पुऱ्या, घरात वास राहू नये म्हणून सगळं गॅरेजमध्ये. तसं सासूबाईंचं दुकान गॅरेजमध्ये हललं. छोटी गॅसची शेगडी, परात, बसायला जुनी खुर्ची, अंगावर माझा जाडजूड कोट. गॅस पेटलेला म्हणून मी गॅरेजचं वर सरकणारं दार खालून फूटभर उघडं ठेवायला लावलं. आणि ह्या वयात त्यांचे पाय गारठू नयेत म्हणून हवा फेकणारा एक हीटर आणून त्यांच्या पायांशी लावून दिला. त्या “अहो, कशाला, कशाला” म्हणत राहिल्या. मी म्हणालो, आई, आजारी पडलात तर विमानात कशा बसणार? त्यावर त्यांनी हीटर राहू दिला. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही त्यांची जुनी रीत. मला भाजीत मीठ कमी वाटलं तर त्या स्वतःच्या ताटातही वाढून घ्यायच्या.

आठवडाभर काम छान चाललं. मुकुट झाला, हार झाला, बाजूबंद झाले. शुक्रवारी फक्त कंबरपट्ट्यापुरता हलवा उरला होता.

आणि शुक्रवारीच वादळाची बातमी पक्की झाली. समुद्रावरून मोठं वादळ वर सरकत होतं, रात्रीपर्यंत आमच्यावर येणार हे नक्की. प्रश्न एवढाच होता की आमच्याकडे पाऊस पडणार की बर्फ. हवामानाच्या रेडिओवरचा यांत्रिक आवाज सकाळपासून तेच घोकत होता. पाऊस आणि बर्फ ह्यांची सीमारेषा नेमकी आमच्या भागातून जाते आहे, जमिनीलगतच्या तापमानावर सगळं अवलंबून आहे. थोडं इकडे सरकलं तर नुसता पाऊस, थोडं तिकडे सरकलं तर फूटभर बर्फ. पावसानं कुणाचं काही अडत नाही. फूटभर बर्फ पडला तर शनिवारी कुणी घराबाहेर पडणार नाही, आणि रविवारी सासूबाई निघालेल्या.

माझ्यासारख्या माणसाला ह्याहून मोठा सण नाही. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून दर वीस मिनिटांनी डब्यावरचा आकडा वहीत उतरवत होतो. फॅरनहाइटमध्ये बत्तीस म्हणजे गोठणबिंदू. सकाळी आठ वाजता तेहतीस होतं. दहाला पस्तीस. अकराला सदतीस. वारा पूर्ण पडलेला, ढग खाली उतरलेले, आणि तापमान चढतंय! समुद्रावरची उबदार हवा आत येते आहे, ह्याहून स्पष्ट पुरावा काय हवा? बारा वाजता अडतीस झालं. मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात बाहेर शेजारी दिसले. मी नुसता स्वेटर घालून कुंपणाशी गेलो. बोचरं वाटलं खरं, पण अंगावर कोट नव्हता, म्हणून वाटलं असेल असं मनाशी म्हटलं.

“बर्फ येतोय,” ते म्हणाले. “एकतीस आहे.”

“माझ्याकडे अडतीस.”

त्यांनी आपल्या खांबावरच्या थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसत म्हणालो, तुमचा पारा आता म्हातारा झाला. ते म्हणाले, “मीही झालोय,” आणि फावडं काढून दाराशी आणून ठेवायला लागले.

आत आलो तर बायको फोन हातात घेऊन उभी. “काय ते आत्ता सांग. सगळे विचारतायत. आज संध्याकाळी केलं तर ऑफिसमधून डायरेक्ट येतो म्हणतायत. एकदा एक वाजून गेला की मला कुणाला चेंज सांगता येणार नाही.”

त्याच वेळी गॅरेजच्या दारातून सासूबाई आल्या. माझा कोट त्यांना घोट्यापर्यंत येत होता. ओंजळीत नुकता झालेला हलवा होता.

“काटा बघा,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत असा काटा आला नव्हता.”

खरोखर, दाण्यादाण्याला सुईसारखी टोकं होती. मी कौतुक केलं, पण अर्ध्या लक्षानं.

“हवा फार कोरडी आहे आज,” त्या म्हणाल्या. “आणि गार. संध्याकाळपर्यंत कंबरपट्टा बांधून होईल माझा. मी म्हणते, आजच उरकायचं का?”

मी त्यांना डब्यासमोर नेलं. वही दाखवली. आठला तेहतीस, बाराला अडतीस. गार नाही, आई, उलट ऊब वाढतेय. उबदार दमट हवा आली आहे, उद्या पाऊस पडेल, मंडळी छत्र्या घेऊन येतील. ऑफिसमधून थकून आलेल्या लोकांना आज घाईघाईनं कशाला बोलवायचं? उद्या निवांत करू. हे सगळं मी शिकवणीच्या मास्तरासारखं बोट ठेवून ठेवून सांगितलं. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, ओंजळीतल्या हलव्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “तुम्ही म्हणताय तर उद्या.” आणि परत गॅरेजमध्ये गेल्या.

बायकोनं सगळ्यांना फोन केले. “शनिवारच फिक्स आहे. हो, वेधशाळेनं सांगितलंय, रेन आहे फक्त.”

पाचच्या सुमाराला सासूबाईंचं काम संपलं. परात, शेगडी घेऊन त्या आत आल्या, मागून दार ओढून घेतलं. मी चहा पीत होतो. पाच वीसला सवयीनं डब्याकडे पाहिलं आणि कप तसाच राहिला. बत्तीस. दहा मिनिटांनी एकतीस. अडतीसवरून अर्ध्या तासात एकतीस! मी वहीत लिहिलं, ‘५.२० : तापमान अचानक उतरलं. थंड हवेची जोरदार लाट आली.’ मनातून टरकलो होतो, पण इतकी ठळक लाट टिपल्याचा थोडा अभिमानही वाटत होता, हे लपवत नाही. सहा वाजता खिडकीबाहेर पहिले कण उतरले. मी बायकोला म्हणालो, सुरुवातीला थोडं असं होतं, मग पाऊस होईल. ती बाळाला भरवत राहिली.

शनिवारी सकाळी उठलो तर समोरची गाडी नव्हती. म्हणजे होती, पण तिथे एक उंचवटा होता. बर्फ अजून पडतच होता. आठपासून फोन सुरू झाले. “सॉरी रे, आमचा ड्राइव्हवेच दिसत नाहीये.” “यार, कॅन्सल करावं लागेल, हायवेवर गाड्या अडकल्यात.” “वेधशाळा, रेन म्हणाला होतास ना?” नऊपर्यंत सगळ्या घरांचा नकार आला. बायकोनं शेवटचा फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही. लग्न झालेल्यांना ती ठाऊक आहे.

सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. पुढे दागिन्यांचा डबा उघडा होता. “असू द्या,” त्या म्हणाल्या. “हवेवर कुणाचा इलाज चालतो? बाळाला दागिने घालून एक फोटो काढू. फोटो असला म्हणजे झालं.” आणि डब्याचं झाकण लावलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी फावडं घ्यायला गॅरेजमध्ये गेलो. दिवा लावला आणि समोरचं पाहून तिथेच थांबलो. हीटर सासूबाईंच्या खुर्चीपाशी नव्हता. वायर ताणून तो पार दाराशी नेऊन ठेवला होता, आणि त्याचं तोंड बाहेर होतं. जिथे मी फूटभर फट ठेवायला लावली होती, नेमकं त्या फटीकडे.

मला सगळं एका क्षणात कळलं. हलव्याला गारठा हवा आणि मी पायांशी हीटर लावून दिलेला. तो बंद करावा तर जावयाचा शब्द मोडतो. म्हणून त्यांनी तो चालूच ठेवला, फक्त त्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं. दिवसभर हीटर न्यू जर्सीला ऊब देत होता. ती गरम हवा फटीतून बाहेर पडून, वारा नसल्यामुळे सरळ दारावरून वर चढत होती, आणि वर माझा सेन्सर होता. सासूबाई मुकाट्यानं गारठत होत्या, आणि मी आत बसून त्यांच्या हीटरचं तापमान वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारत होतो. थंड हवेची जी जोरदार लाट आली होती ती त्यांनी बटण बंद केल्यामुळे.

मला आधी हसू आलं. मग वाटलं, हे त्यांना कळलं तर? आपल्याच हातानं आपल्या नातीचं बोरन्हाण बुडवलं, असं वाटून घेऊन त्या विमानात बसल्या असत्या. मी हीटर उचलला, खुर्चीपाशी आणला आणि त्याचं तोंड आत, खुर्चीकडे करून ठेवला. घरात जाऊन म्हणालो, “आई, माझंच चुकलं. मला समजलं नाही नीट.” पुन्हा ‘असू द्या’ ऐकायला नको म्हणून लगेच बाहेर पडलो.

घरापासून रस्त्यापर्यंत वाट काढायला तास लागला. तोवर बर्फ थांबत आला होता. आमच्या गल्लीत सात घरं, पुढे रस्ता बंद, आणि टोकाला एक उतार. त्या उतारावर गल्लीतली सगळी पोरं घसरगाड्या घेऊन ओरडत होती. लाल टोप्या, निळ्या टोप्या. मी फावड्यावर रेलून त्यांच्याकडे बघत राहिलो. बोरन्हाणाला काय लागतं? एक बाळ, एक आजी आणि लुटायला पोरं. पोरं मराठीच असावीत असं कुठे ठरलंय?

त्या गल्लीत तीन वर्षं राहून मी शेजारी सोडून कुणाच्या दारात गेलो नव्हतो. गाडीतून हात हलवायचो तेवढंच. त्या दिवशी बाकीच्या सहाही घरांच्या बेल वाजवल्या. गुडघाभर बर्फातून येऊन दारात उभा राहिलेला, दाढीला बर्फ लागलेला माणूस सांगतोय की दुपारी दोन वाजता आम्ही आमच्या बाळाच्या डोक्यावर गोळ्या ओतणार आहोत, तुमच्या मुलांनी कृपया त्या लुटायला यावं. एका बाईंनी विचारलं, बाळाला लागणार नाही ना? दुसऱ्या घरी विचारलं, हे चर्चचं आहे का? मी म्हणालो, आजीचं आहे. ते त्यांना लगेच पटलं.

दोन वाजता आमच्या दारात बुटांचा ढीग पडला. नऊ पोरं, चार आया, एक बाप, आणि सर्वांत शेवटी शेजारी, टाय लावून. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि कामाला लागल्या.

काळं झबलं घातलेलं बाळ पाटावर बसलं. मुकुट, हार, बाजूबंद, आणि शुक्रवारचा तो कंबरपट्टा. काळ्या कापडावर पांढरे काटे असे उठून दिसत होते की आलेल्या बायका वाकून जवळून बघायला लागल्या. बाळानं पहिलं काम केलं ते म्हणजे हार तोंडात घातला. सासूबाईंनी औक्षण केलं, मोठं पातेलं उचललं आणि बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, द्राक्षं, संत्री, गोळ्या सोडल्या. सगळं गालिच्यावर घरंगळलं आणि पोरं नुसती उभी! हात मागे बांधून, शहाण्यासारखी. बिचाऱ्यांना खाली पडलेलं उचलायचं नाही असं शिकवलेलं. सासूबाईंना काही सुचेना. मग त्या स्वतःच खाली वाकल्या, मूठभर गोळ्या झपकन उचलल्या आणि मराठीत ओरडल्या, “अरे लुटा की! बघता काय?”

काय कळायचं ते पोरांना कळलं. पुढची पाच मिनिटं आमच्या दिवाणखान्यात जे चाललं ते आईबापांनी सोफ्यावर पाय वर घेऊन पाहिलं. एक मुलगी सोफ्याखाली शिरली, तिचे फक्त मोजे दिसत होते. बाळ टाळ्या पिटत होतं. पातेलं पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं, चार वेळा. सासूबाईंचा अंबाडा सुटला होता आणि त्या हसत होत्या. सहा महिन्यांत त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला फार सुख वाटत होतं.

शेजाऱ्यांनी हलव्याचा एक दाणा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर चढवून निरखला आणि विचारलं, हे काटे कसे येतात? सासूबाईंनी सांगितलं, बायकोनं इंग्रजीत केलं. गार, कोरडी हवा लागते. काल तर कधी नव्हता असा काटा आला. शेजाऱ्यांनी मान डोलावली. “म्हणजे बर्फ पडणार हे ह्यांना कालच माहीत होतं.” बायकोनं ते मराठीत सांगितलं. सासूबाई गडबडीनं म्हणाल्या, “त्यांना सांग, मला काय कळतंय त्यातलं,” आणि तिळगूळ आणायला आत गेल्या.

रविवारी रस्ते मोकळे झाले होते. विमान वेळेवर होतं. बाळाला घेऊन बायको जरा मागे उभी होती, सासूबाई आणि मी बॅगा घेऊन रांगेत. सासूबाईंनी पर्स उघडली, पासपोर्ट आहे का पाहिलं, बंद केली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“जावईबापू, तो हीटर मी दाराकडे तोंड करून ठेवला होता.”

मी बॅग पुढे सरकवली.

“काल संध्याकाळी परात ठेवायला गेले, तर तो खुर्चीकडे वळलेला. मी तर वळवला नव्हता. मग दाराबाहेर येऊन वर पाहिलं, तुमचं ते यंत्र दिसलं, आणि माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“आणि मी तो बंद केला नाही, तो तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि रांगेत उभे राहून इतके हसलो की पुढच्या माणसानं वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं. “पुढच्या वेळी थंडी वाजत नसली तर सांगेन मी,” त्या म्हणाल्या. “स्पष्ट सांगेन.”

“आणि काटा चांगला आला तर तेही सांगा. मी ऐकेन.”

त्या आत गेल्या. काचेपलीकडून दोनदा वळून हात हलवला.

घरी आलो. बायको बाळाला निजवायला गेली. गालिच्यावर कोपऱ्यात अजून एक द्राक्ष होतं, ते उचललं. मग वही काढली आणि शुक्रवारचं पान उघडलं. अडतीसखालच्या दोन रेघा तशाच राहू दिल्या. ‘थंड हवेची जोरदार लाट आली’ हे मात्र खोडलं, आणि शेऱ्यांच्या रकान्यात लिहिलं, ‘५.२० : सासूबाईंनी हीटर बंद केला.’